पास, नापास आणि डबाभर पोहे

आमच्या घरात न बोलणारं माणूस जन्माला येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. सासूबाई प्रार्थनेच्या मधेही बोलत. आमचे हे जेवताना बोलत आणि जेवण संपल्यावर काय खाल्लं ते विचारत. दोन मुलगे एकाच वेळी बोलत, आणि मी मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर देत. मी त्यातल्या त्यात कमी बोलणारी, कारण कोणीतरी स्वयंपाक करायला हवा होता. आणि धाकटी मुलगी मात्र चार वर्षांची व्हायला आली तरी एक शब्द बोलत नव्हती.

हे १९६३ सालचं. इस्रायलमधल्या डिमोना गावात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. मुंबईहून निघालो तेव्हा ही कडेवर होती. तेव्हा सगळे म्हणाले, बोटीच्या प्रवासाने घाबरलीय, बोलेल. मग म्हणाले, दोन भाषांनी गोंधळलीय, बोलेल. मग म्हणाले, दात नीट येऊ देत. दात सगळे आले. त्यांचा उपयोग ती फक्त खाण्यासाठी करी.

सासूबाईंनी मुंबईहून आणलेलं वेखंड उगाळून तिच्या जिभेवर चोळलं. मुलीने तोंड वाकडं केलं, सासूबाईंचा पदर घेऊन जीभ पुसली आणि खेळायला गेली. मग सासूबाई म्हणाल्या, पोपटाने चोच मारलेला पेरू खायला द्यायचा, हमखास गुण येतो. आता नेगेवच्या वाळवंटात पेरू कुठला आणि पोपट कुठला? पण आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. मुंबईला रेल्वेत गार्ड होते, म्हणून सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. इथे त्यांच्याकडे ना गाडी होती ना शिट्टी, त्यामुळे लोकांची कामं अंगावर घ्यायला ते सदा तयार. त्यांनी जवळच्या बेर शेवा शहरात एका न्हाव्याच्या दुकानात पोपट हुडकून काढला आणि सफरचंद घेऊन बसने गेले. संध्याकाळी परतले ते बोटाला फडकं गुंडाळून.

"सफरचंदाला शिवला नाही मेला," गार्डसाहेब म्हणाले. "माझ्या बोटाला चावला."

"मग आता बोट चाटवायचं का पोरीला?" मी विचारलं.

"सूनबाई, आणखी एक अडचण आहे. पोपट रुमानियन बोलतो."

सासूबाईंनी मान हलवली. "मग नकोच. आधीच भाषा फार झाल्यात घरात."

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी नवस बोलला. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत काही अडलं की एलियाहू हनावीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलतात. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, बाजूला फळं; पुरुषमंडळी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळ्यांना वाटतात. डिमोनात तेव्हा पोहे मिळत नसत. सासूबाईंनी पेणचे पोहे पत्र्याच्या डब्यात भरून बोटीने आणले होते आणि दोन वर्षं त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. तो डबा त्यांनी कपाटावरून खाली काढला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोर बोलली की ह्याचा मलिदा." मग डबा परत वर गेला.

ही बातमी दुपारपर्यंत आमच्या चाळीसारख्या लांबलचक इमारतीत पसरली. दोन वर्षांत कोणी मलिदा चाखला नव्हता. तेव्हापासून मुलगी बोलावी याची तळमळ आमच्यापेक्षा शेजाऱ्यांना जास्त लागली.

*

महिन्यातून एकदा आमच्या दवाखान्यात बेर शेवाहून एक बाई येत. काम एकच, न बोलणाऱ्या किंवा अडखळत बोलणाऱ्या मुलांना तपासायचं. पांढरे केस, पायात पुरुषी सँडल. मूळच्या जर्मनीच्या, त्यामुळे हिब्रू सावकाश आणि मोजून बोलत. मला उल्पानात, म्हणजे सरकारी हिब्रूच्या वर्गात, पाच महिने शिकून जेवढं येत होतं तेवढ्यात त्यांचं सगळं कळे.

त्यांनी मुलीला जमिनीवर ठोकळे दिले. ती मनोरा रचू लागली. बाई तिच्या मागे गेल्या आणि एकदम पितळेची घंटा वाजवली. ऐकू येतं की नाही ते बघायला.

मुलीने ठोकळा खाली ठेवला. शांतपणे उठली. कोपऱ्यातला कागद टाकायचा पत्र्याचा डबा उचलला, त्यातले कागद जमिनीवर ओतले, डबा हातात घेतला आणि दार उघडून चालती झाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मुलगी दवाखान्याच्या फाटकाशी डबा उपडा घालून त्यावर बसली होती.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"घासलेट," मी म्हणाले. हिब्रूत त्याला नेफ्त म्हणतात, तो शब्द मला पहिल्या आठवड्यातच आला होता. आमच्याकडे घासलेटची घोडागाडी दुपारी येई, गाडीवाला घंटा वाजवी आणि बायका डबे घेऊन धावत. आमच्या घरून ही धावे. डबा तिच्या गुडघ्यापर्यंत, पण रांगेत पहिला नंबर कायम तिचा.

"पण ती बोलत नाही. मग रांगेत जागा कशी धरते?"

"डब्यावर बसते. उठत नाही."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "कान उत्तम. समज उत्तम. कदाचित जरा जास्तच उत्तम." मी मुलीला आणून कागद भरायला लावले. बाई पुढे म्हणाल्या, "पण आजच्या घडीला तिला नेहमीच्या गानमध्ये घ्या असं मी लिहू शकत नाही."

गान म्हणजे इथली बालवाडी. पाचव्या वर्षी प्रत्येक मुलाने जायचंच असा कायदा. आमची गान घरासमोरच होती, दोन्ही मुलगे तिथूनच निघाले होते. बाई म्हणाल्या, जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यासाठी लांब उत्तरेला, हैफाच्या बाजूला एक शाळा आहे, राहण्याची. मुलं सणाला घरी येतात.

"कधी ठरेल?"

"पुढच्या उन्हाळ्यात. तोवर ती आपणहून दोन शब्द जोडून बोलली पाहिजे. पढवलेले नकोत, मागून म्हटलेले नकोत. तिचे, तिला काही सांगायचंय म्हणून आलेले."

मी कापडाच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर काम करत असे; कापड दिव्यावरून सरकतं, त्यातली तुटलेली वीण, गाठ, तेलाचा डाग शोधून खडूने खूण करायची. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून तीन डाग सुटले. मुकादमाने ते कापड आणून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी बरी आहे म्हणाले.

बाईंनी दोन कामं दिली होती. पहिलं, एक वही करायची आणि मुलगी आपणहून काय बोलते ते लिहायचं. दुसरं काम जरा विचित्र होतं.

"घरी सगळे तिला लगेच समजतात का?" त्यांनी विचारलं होतं.

"लगेच. तिने भुवई उचलली की सासूबाई पाणी घेऊन हजर."

"मग तिने बोलावं कशाला? तुम्ही सगळे फार हुशार आहात. जरा मठ्ठ व्हा."

"आणि भाषा कुठली बोलायची? दवाखान्यातली नर्स म्हणते घरातही हिब्रूच बोला."

"तुम्हाला नीट येते ती बोला," बाई म्हणाल्या. "तुमचं हिब्रू ऐकून ती शिकली तर मला दोघींना शिकवावं लागेल."

*

घरी येऊन मी सगळ्यांना हुकूम सांगितला. आजपासून मुलीच्या खाणाखुणा कोणाला कळत नाहीत. सगळे मठ्ठ.

"हे मला जमेल," आमचे हे म्हणाले.

"तुला वेगळं शिकायला नको," सासूबाई म्हणाल्या. "मला नाही जमणार गो बाय. पोर तहानलेली दिसते आणि मी काय भिंतीकडे बघू?"

गार्डसाहेबांनी मात्र ते काम रेल्वेची ड्यूटी असल्यासारखं अंगावर घेतलं. मुलगी पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे नेई. ही खूण आंधळ्यालाही कळली असती. गार्डसाहेब आत जाऊन झाडू घेऊन आले. तिने मान हलवली. ते चप्पल घेऊन आले. मग कॅलेंडर. मग स्वतःची टोपी.

"हे पाहिजे? हे? टोपी पाहिजे, बाय?"

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा हात धरला, त्यांना मोरीपाशी नेलं, त्यांचा हात नळावर ठेवला आणि सोडला. गार्डसाहेबांनी नळाला गोंजारलं. "छान आहे नळ," म्हणाले.

तेव्हा तिची खात्री पटली की हा माणूस आजारी आहे. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, स्टुलावर चढून स्वतः पेला भरला आणि पाणी त्यांना पाजलं. सगळं. वर तोंडही पुसलं.

"आता काय करू?" गार्डसाहेबांनी मला विचारलं. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"प्यायलात ना? मग घरी जा."

पुढचे पंधरा दिवस ती घरातल्या प्रत्येकाशी असंच वागली. आमच्यावर काहीतरी साथ आली आहे असं समजून ती आम्हाला सांभाळून घेई. ह्यांना शर्टाची बटणं लावून देई. सासूबाई हुकूम पाळत असल्याचं सोंग करत आणि पदराआडून बिस्किटं देत. मी पलंगाखालचा चुरा झाडला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"उंदीर असेल," सासूबाई म्हणाल्या.

"हा उंदीर बोलायला लागला तर त्याचाही मलिदा करावा लागेल."

आणि इकडे इमारतीत रोज कोणीतरी धावत येई. मुलगी बोलली! समोरच्या काकी म्हणाल्या, मला शालोम म्हणाली. पाण्याच्या टाकीजवळचे गृहस्थ म्हणाले, मला नमस्ते म्हणाली. एकजण म्हणाला, माझ्याशी इंग्रजीत बोलली. सगळ्यांचं लक्ष आमच्या कपाटावरच्या डब्यावर.

मी वहीला दोन रकाने पाडले होते, पास आणि नापास. नियम गिरणीचाच. एक वार कापड बघून सबंध थान पास करत नाहीत. तोच शब्द, त्याच वस्तूसाठी, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि मी स्वतः ऐकलेला. नाही तर तांबडी रेघ.

एकदा हे दाढी करता करता बाहेर आले, अर्ध्या तोंडाला साबण. "मला बाबा म्हणाली! स्वच्छ! बाबा!"

मी वही घेऊन तिच्यामागे दिवसभर हिंडले. संध्याकाळी ती खरंच बाबा म्हणाली. फुलकोबीला. मग दाराच्या कडीला.

"नापास," मी म्हणाले.

"अगं पण आधी मला म्हणाली होती."

"कोबीलाही म्हणाली. तुम्ही दोघं आपसात ठरवा."

ह्यांना वाईट वाटलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि आमच्या घरात ती मोठीच शिक्षा. मला तेवढीच शांतता मिळाली. "आईचं काळीज नाही तुझं," त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या. "लोक म्हणतात बोलली, आणि तू म्हणतेस नाही."

"मी हो म्हणून ती बोलणार असती तर मी पहिल्या दिवशीच म्हणाले असते, आई."

*

ऑक्टोबरात, सुक्कोतच्या सणाच्या आसपास पहिला शब्द पास झाला. गार्डसाहेबांनीच तो मिळवला, हे मान्य करायला हवं. मुलगी अंगठा तोंडाकडे नेत होती, ते झाडू आणत होते. रोज. पंधरा दिवस तिने सोसलं. त्या दिवशी ते झाडू घेऊन आले तेव्हा तिने तो त्यांच्या हातून ओढला, दारातून बाहेर फेकला आणि ओरडली, "नको!"

गार्डसाहेब आनंदाने झाडू आणायला धावले, परत द्यायला. "नको!" परत फेकला. तिसऱ्यांदा झाडू समोरच्या काकींच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडला.

दुसऱ्या दिवशीही नको, तिसऱ्या दिवशीही नको. मी वहीत लिहिलं. पास. अक्षर खराब आलंय, अजून दिसतं.

मग हिवाळ्यापर्यंत 'दे' आला. मग 'माइम', म्हणजे हिब्रूत पाणी. सासूबाईंची ह्याला हरकत होती.

"मराठीत म्हटलं नाही तर नवसात कसं धरायचं?"

"कापड कुठल्या मागावरचं ते मी बघत नाही, आई. वीण बघते. पास."

पण तीनच शब्द. सुटे. दोन जोडून काही येईना. 'दे' म्हणे, काय ते बोटाने दाखवी. 'माइम' म्हणे आणि थांबे. उन्हाळा काही महिन्यांवर होता आणि हैफाच्या बाजूच्या त्या शाळेचा कागद मी डाळीच्या बरणीखाली ठेवला होता, म्हणजे रोज दिसेल.

आणि मग पोह्यांना जाळी धरली.

सासूबाई दर शुक्रवारी डबा उघडून बघत. त्या शुक्रवारी किंचाळल्या. सगळे धावलो. डब्याच्या कोपऱ्यात बारीक पांढरी जाळी होती आणि त्यात एक किडा आरामात चालला होता. मुलगी डब्यात डोकावली आणि म्हणाली, "नको."

"बघ, तिलाही कळतं," सासूबाई म्हणाल्या. "आता काय करायचं? पोर पुरती बोलेपर्यंत पोह्यांची माती होईल. एलियाहू हनावीला किड्यांचा मलिदा घालू?"

पोहे उन्हात पसरले, पाखडले, निवडले. आणि चार पुरुष आमच्या घरात बसून एका प्रश्नावर वाद घालू लागले. नवस आधी फेडला तर चालतो का? मुलगी बोलायच्या आत मलिदा केला तर तो नवसाचा धरायचा, की नुसता खाल्ला म्हणायचं?

"आगाऊ रिझर्वेशन असतं ना," गार्डसाहेब म्हणाले. "तिकीट आधी, प्रवास मागाहून. काही अडचण नाही."

"आणि गाडीच नाही सुटली तर?" ह्यांनी विचारलं.

"तर खाल्लेले पोहे परत करायचे की काय?" मी स्वयंपाकघरातून म्हणाले.

"सूनबाई, हा धर्माचा विषय आहे."

"धर्माचा असेल तर त्यात आजच करा असं कोणी सांगितलंय? किड्याने?"

शेवटी निकाल लागला की मलिदा जानेवारीअखेर, 'तू बिश्वात'च्या दिवशी करायचा. झाडांचा सण, त्या दिवशी आमच्यात मलिदा करतातच. नवस मान्य झाला तर नवसाचा, नाही तर सणाचा. कोणाचंच नुकसान नाही. हा निकाल देणाऱ्या चौघांनी त्या दिवशी किती खाल्लं ते मी बघितलंय.

मलिद्याला सगळी इमारत प्रार्थनेच्या खोलीत जमली. मधोमध ताट, त्यात पोह्यांचा डोंगर, भोवती खजूर, संत्री, केळी, सफरचंद. नारळ मिळाला नव्हता, मुंबईचं सुकं खोबरं किसून घातलं होतं. प्रार्थना झाली. वाटायचं काम गार्डसाहेबांकडे. ते एकेकाला देत मुलीपाशी आले, आणि त्यांना आपला हुकूम आठवला. ताट हातात धरून ते तिच्यासमोर थांबले, चेहरा शक्य तेवढा मठ्ठ केला आणि विचारलं, "काय पाहिजे?"

सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. सासूबाईंनी डोळे मिटले.

मुलीने ताटाकडे बघितलं. गार्डसाहेबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठली, चालत सासूबाईंपाशी गेली, त्यांच्या मांडीवरची बशी उचलली आणि खाऊ लागली. ती संपवून समोरच्या काकींची बशी घेतली. ती संपवून माझी.

एकही शब्द नाही.

घरी जाताना सासूबाई माझ्या पुढे चालत होत्या. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "पोचलं नसेल."

"काय?"

"नवस गो. आपण इकडे आलो हे त्याला कोणी कळवलंय? तो अजून खंडाळ्यालाच असेल." अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनावीच्या रथाच्या खुणा आहेत, आमचे लोक तिथे जात. "तिथे शोधत असेल आपल्याला. रस्ता लांब आहे."

रिकामा डबा माझ्या हातात होता आणि तो नको तेवढा हलका लागत होता.

*

उन्हाळ्यात तपासणीची चिठ्ठी आली. सासूबाई बरोबर येणारच म्हणाल्या. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि बजावलं, आत यायचं नाही, खोकायचं नाही, पढवायचं नाही.

बेर शेवाच्या बाई त्याच सँडलमध्ये होत्या. त्यांनी वही मागितली. पानं उलटली. तांबड्या रेघा, तांबड्या रेघा, मधेच एखादा पास. हे सगळं मराठीत, पण रेघा कुठल्याही भाषेत रेघाच.

"हे कोणी खोडलं?"

"मी."

"आया सहसा खोडत नाहीत. आया मला शंभर शब्द लिहून आणून देतात."

"आमच्या इमारतीतही शंभर झाले होते," मी म्हणाले. "मी ऐकले ते सात. दोन जोडून एकही नाही."

हे सांगताना मला कळत होतं की मी माझ्याच हाताने हैफाचा कागद भरत होते. पण खोटं कापड पास करून पाठवलं तर ते पुढे कोणाच्या तरी अंगावर फाटतं.

बाईंनी चित्रं दाखवली. मुलीने बोटाने दाखवलं, बरोबर. बाहुली दिली. तिने बाहुलीला पाणी पाजलं आणि तोंड पुसलं. शब्द नाही. अर्धा तास गेला. मग बाईंनी, बहुतेक गंमत म्हणून, खणातून तीच पितळेची घंटा काढली आणि वाजवली.

मुलगी उठली. मी कागदाच्या डब्याकडे बघितलं. तो तिथेच होता. पण ती डब्याकडे गेली नाही. खिडकीशी गेली, टाचा उंचावून रस्त्यावर दोन्ही बाजूंना नीट बघितलं. मग वळली आणि बाईंना म्हणाली, "घासलेट नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना मराठी कुठून कळणार? पण मुलीला ती नजर ओळखीची होती. वर्षभर सगळी मोठी माणसं तिच्याकडे अशीच बघत होती. हीही त्यातलीच एक. तिने उसासा टाकला, जवळ गेली, बाईंच्या मुठीतून घंटा सोडवून टेबलावर ठेवली आणि समजावून सांगितलं, "घासलेट नाही. बाई, नको."

"काय म्हणाली?" बाईंनी मला विचारलं.

माझं हिब्रू त्या क्षणी पूर्ण गेलं. पाच महिन्यांचं उल्पान साफ. मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून शब्द निघेना. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी अंगठ्याने नको म्हणून खूण केली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "एकेक शब्द सांगा. जसाच्या तसा."

"नेफ्त. नाही," मी म्हणाले. "इथे घासलेट आलेलं नाही, असं तुम्हाला सांगतेय. आणि मग, बाई, वाजवू नका. मी शिकवलेलं नाही."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि वहीतल्या तांबड्या रेघांवर बोट फिरवून लिहायला बसल्या.

एवढ्यात दार उघडून सासूबाई आत आल्या. कान दाराला लावलेला असणार, एका गालावर दाराचा निळा रंग उतरला होता. "बोलली! बोलली ना गो! पोचलं बघ!"

"ह्या कोण?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सासूबाई. ह्यांना बोलण्याचा काही त्रास नाही."

घरी जाताना मी म्हणाले, "आई, मलिदा करून सहा महिने झाले."

"मग? खंडाळ्याहून इथवर यायला टाइम लागतो. वाटेत समुद्र आहे."

इमारतीत लगेच दुसरा वाद निघाला. तो मलिदा सणाचा होता, म्हणजे नवसाचा अजून बाकी आहे, असं गार्डसाहेबांचं म्हणणं. हिवाळ्यात त्यांनीच आगाऊ रिझर्वेशनचा मुद्दा काढला होता. सासूबाईंनी त्यांना रिकामा डबा दाखवला आणि वास घ्यायला सांगितलं.

*

सप्टेंबरात मुलगी समोरच्या गानमध्ये गेली. पहिल्या दिवशी मी गिरणीतून सुटल्याबरोबर तिला आणायला गेले. तिथल्या शिक्षिका, नुकत्याच लागलेल्या एक तरुण बाई, फाटकाशीच उभ्या होत्या. चेहरा दमलेला.

"सकाळी मुलांना आत बोलवायला मी घंटा वाजवली," त्या म्हणाल्या. "सगळी मुलं आत आली. तुमची मुलगी वाळूची बादली ओतून बाहेर गेली आणि फाटकाशी बसली."

"तुम्ही काय केलंत?"

"आणायला गेले. तर तिने मला हात धरून आपल्या मागे उभं केलं. रांगेत."

"आणि काही बोलली?"

"बोलली? थांबतच नव्हती! थोडं हिब्रू, थोडं तुमचं काहीतरी. मला अर्धंही कळलं नाही."

"मग?"

"मग काय," शिक्षिका म्हणाल्या, "उभी राहिले मागे."